घाट ह्यांनी एकट्यानं पाहिला

आये,

गेल्या महिन्यात आम्ही दोघं बोटीने कोलंबोला जाऊन आलो. बोट म्हटल्यावर तुला आपली होडी आठवेल, म्हणून सांगते, ही अकरा मजल्यांची होती. आत लिफ्ट, दुकानं, पोहायचा तलाव, आणि दिवसातून पाच वेळा खायला. समुद्राचा वास मात्र कुठेच नाही, त्यासाठी पार वरच्या डेकवर जावं लागायचं. ही सहल आमच्या लेकीने तिच्या पप्पांना रिटायर झाल्यावर द्यायची म्हणून कबूल केली होती. मग ह्यांचं दुखणं निघालं आणि सहल दोनदा पुढे गेली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, न्यायचं असेल तर या वर्षीच न्या. म्हणून गेलो.

ह्यांचं दुखणं तुला समजावून सांगायला नको. आज्याला झालं होतं तेच. तेव्हा आपण त्याला म्हातारपण म्हणायचो, आता त्याला इंग्रजी नाव आहे आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या आहेत, एवढाच फरक. पण आजा ऐंशीच्या पुढे होता, हे अजून पासष्टचेही नाहीत. तुला आठवतात ते बस चालवणारे जावई, तुझी मासळीची पाटी दिसली की नेरूळच्या स्टॉपवर जरा जास्त थांबणारे. तोच माणूस रिटायर झाल्यावर आठव्या महिन्यात सकाळी खाकी शर्ट घालून डेपोत गेला आणि ड्युटी लागायची वाट बघत बाकावर बसला. डेपोतल्या लोकांनी चहा पाजला आणि घरी आणून सोडलं. पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा हसलो नाही. त्यानंतर गेलं वर्षभर माझा उजवा हात ह्यांच्या मनगटावर आहे. बाजारात, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये. सव्वीस वर्षं बालवाडीत शिकवलं, दर वर्षी चाळीस पोरं सहलीला नेली आणि चाळीस परत आणली. एक माणूस सांभाळणं त्याहून जड जाईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तर बोट कोलंबोला सकाळी लागणार होती आणि संध्याकाळी सहाला सुटणार होती. मधल्या वेळात काय करायचं ते आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. पाचव्या मजल्यावर त्यासाठी एक टेबल मांडलं होतं, त्यावर फोटोंचे मोठे कागद. एका सहलीत शहर बघायचं आणि बाजारात खरेदी करायची. एकीत समुद्रकिनारा. एकीत हत्ती, पण तिथे बसने तीन तास. आणि एकीत आगगाडी. कोलंबोहून निघून भातशेतीतून, मग घाट चढून डोंगरातल्या कँडी गावाला जायचं आणि परतीला बसने खाली यायचं. मी टेबलापाशी गेले ती नाही म्हणायलाच. लेकीने निघतानाच बजावलं होतं, आणि वाटेत कोचीला फोनला रेंज आली तेव्हा पुन्हा सांगितलं, "आई, कोलंबोला उतरू नका. बोटीवर चारी बाजूंनी कठडा आहे, तिथे टेन्शन नाही. परक्या देशात पप्पा हरवले तर तू एकटी काय करशील?" तिचं म्हणणं बरोबर होतं. मी हो म्हटलं होतं.

टेबलावरच्या मुलीला मी सांगत होते की आम्ही बोटीवरच थांबू. तेवढ्यात ह्यांनी पुढे होऊन आगगाडीच्या फोटोवर बोट ठेवलं. निळे डबे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि गाडी वळणावर वाकलेली. म्हणाले, "ही." मी म्हटलं, कशाला, दगदग होईल. ह्यांनी बोट उचललं नाही. "घाट आहे," म्हणाले. "कसा काढतात बघू."

आये, ह्यांनी किती महिन्यांत काही मागितलं नव्हतं, ते मला त्या क्षणी कळलं. जेवायला वाढलं की जेवतात, कपडे काढून ठेवले की घालतात. चहा हवा का विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघतात, मला काय उत्तर हवंय ते शोधत. आणि इथे न विचारता स्वतःहून एक गोष्ट निवडली होती. तरी मी त्या मुलीला विचार करून सांगते म्हटलं आणि ह्यांना घेऊन खोलीत आले. ह्यांना झोप लागली. मी खुर्चीवर बसून हिशोबी माणसासारखा विचार केला. शहरात फिरायला गेलो तर दर पावलाला गर्दी. हत्तींकडे गेलो तर मोकळं मैदान. आगगाडीत एकदा बसलं की बसलं, डबा आपल्याच लोकांचा, सीटवर नंबर, गाडी चालू असताना माणूस जाणार कुठे. असं मी स्वतःला पटवलं. पण खरं सांगायचं तर मला पटवलं ते तू.

मी सहावीत असेन. वाशीला नव्या इमारती झाल्या होत्या आणि तू तिथे दारोदार मासळी विकायला जायचीस. आज्याला बघायचं काम माझ्याकडे. तो रोज उठून खाडीवर जायचा, त्याची होडी शोधायला. ती विकून तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्या दिवशी आमच्या शाळेत नाच बसवत होते आणि मला जायचं होतं. मी त्याला आत ठेवून बाहेरून कडी लावली आणि गेले. तू नेमकी लवकर आलीस. मी परत आले तेव्हा आजा ओट्यावर बसला होता, दारावर मारून मारून त्याच्या हाताची सालं निघाली होती आणि तू त्यावर हळद लावत होतीस. तू मला मारलं नाहीस. हात धुतलेस, मला चुलीपाशी बसवलंस, बाहेर गेलीस आणि कडी लावलीस. किती वेळ ते मला ठाऊक नाही. चुलीवरचं कालवण आटत गेलं तेवढं मला दिसत होतं. मी रडले, मग ओरडले, मग मीपण दार बडवलं. दार उघडलंस तेव्हा एवढंच म्हणालीस, "त्याला वाट नाय ठाव. पन जायाचा हाय ता ठाव हाय ना त्याला."

दुसऱ्या दिवसापासून तू मला त्याच्या मागे धाडायला लागलीस. पुढे जायचं नाही, हात धरायचा नाही, नुसतं मागे राहायचं. तो सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत जायचा, सगळ्या होड्या एकेक करून बघायचा, आपली नाही म्हणायचा आणि थकला की माझ्याकडे वळायचा. मग मी त्याला घरी आणायची. मला तो सगळा वेळ फुकट गेल्यासारखा वाटायचा.

संध्याकाळी चारला मी टेबलाशी जाऊन दोन नावं लिहून आले. लेकीला कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत आमच्या बोटीच्या लोकांसाठी वेगळा डबा होता. गाइड एक सिंहली बाई, माझ्याच वयाची, साडीतली, सोपं इंग्रजी बोलणारी. तिने सगळ्यांच्या गळ्यात पाट्या घातल्या, पाटीवर बोटीचं नाव आणि नंबर. मग डब्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसं मोजत गेली आणि उलटी मोजत आली. मोजणारी माणसं मला लगेच ओळखू येतात. मी तिला ह्यांच्याबद्दल सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली की तिच्या सासूचं तसंच होतं. पहिले दोन तास फार चांगले गेले. दोन्ही बाजूंना भात, केळी, नारळ, कौलारू घरं, मधेच तळ्यात नाहणारी माणसं. नेरूळमध्ये टॉवर उभे राहायच्या आधी आपल्याकडे होतं तसं. ह्यांना मी खिडकी दिली होती, पण बाहेर बघण्यापेक्षा ह्यांचं लक्ष गाडीच्या धक्क्यांकडे. ब्रेक लागला की उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

घाट सुरू व्हायच्या आधी एका स्टेशनात गाडी थांबली. पुढे एकच रूळ होता, वरून येणारी गाडी आल्याशिवाय आम्हाला सोडणार नव्हते. आता जे झालं ते मी गाइडला, बोटीवरच्या लोकांना आणि लेकीला एका प्रकारे सांगितलं आहे. सगळ्यांना सांगितलं की माझा डोळा लागला. माझा डोळा लागला नव्हता. हे उठले, माझ्या गुडघ्यांना वळसा घालून बाहेर पडले, दाराकडे गेले, तेव्हा मी जागी होते. खिडकीतून मी ह्यांना प्लॅटफॉर्मवर उतरताना पाहिलं. हात मागे बांधून इंजिनाच्या दिशेने निघाले, शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हर पाय मोकळे करतात तसे. आणि मी उठले नाही. समोर डोंगर होता, त्याच्या खांद्यावर ढग टेकला होता, खिडकीची जागा रिकामी झाली होती. मी सरकून तिथे बसले. दोन मिनिटं, म्हटलं. दोन मिनिटं कोणाचंही मनगट हातात न धरता मला तो डोंगर बघायचा होता.

वरची गाडी आली, पलीकडच्या रुळावर थांबली आणि आमची गाडी शिट्टी देऊन लगेच हलली. मी दाराशी धावले. गाइडने मागून माझा दंड घट्ट धरला, नाहीतर मी उडी मारली असती. प्लॅटफॉर्म मागे जात होता, आणि त्यावर हे कुठेच दिसत नव्हते. मी साखळी ओढा म्हणाले. ती म्हणाली की पुढे लगेच चढण आहे, इथे गाडी थांबवणं बरं नाही, स्टेशनात माणसं आहेत, मी फोन करते. तिने फोन लावला. लागला, बोलायला सुरुवात केली आणि बोगदा आला. बोगद्यातून बाहेर आलो, पुन्हा लावला, पुन्हा बोगदा. डब्यातले सगळे लोक उठून एका बाजूला गेले होते. अहाहा म्हणत होते, फोटो काढत होते. तो कागदावरचा कडा तिथेच होता, ती दरी तिथेच होती. मी त्या अर्ध्या तासात फक्त गाइडच्या हातातला फोन पाहिला. ह्यांना तिथली भाषा येत नाही, खिशात फोन नाही, घराचा पत्ता विचारला तर लहानपणचा सांगतात. सहाला बोट सुटणार. आणि आज्याच्या मागे जायचं सोडून मी कधी बसून राहिले नव्हते, अकरा वर्षांची असूनही.

घाट संपल्यावर वरच्या स्टेशनात गाडी थांबली, तर स्टेशनमास्तर आमच्या डब्याकडे चालत येत होता. खालच्या स्टेशनाने त्याला रेल्वेच्या फोनवर कळवलं होतं. गळ्यात बोटीची पाटी असलेला एक माणूस त्यांच्या ऑफिसात बसला आहे, आपणहून आत आला, सगळ्यांना नमस्कार करून बाकावर बसला. मास्तरने मला ऑफिसात नेलं आणि जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर हातात दिला.

मी विचारलं, "कुठे आहात तुम्ही?"

"डेपोत कंट्रोलला बसलोय. चहा घेतोय."

"तिथून हलू नका हां."

"गाडी लागल्याशिवाय कुठे हलणार?" ते म्हणाले, आणि त्यांनीच फोन ठेवला.

गाइडला बाकीची माणसं घेऊन पुढे जाणं भाग होतं. तिने मला एका कागदावर तिचा नंबर लिहून दिला, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की पुढची गाडी सव्वा तासाने आहे, खालचे लोक ह्यांना त्यात बसवून देतील. मी इथेच उतरावं, ह्यांना घेऊन त्याच गाडीने कँडीला यावं, ती बस तेवढी थांबवेल. मी उतरले. मास्तरने मला खुर्ची दिली आणि त्याच्या डब्यातला अर्धा भात पुढे केला. नारळाच्या रसातला मासा होता, वर कोकमासारखं काहीतरी आंबट. तुझ्या हातच्या कालवणाच्या इतक्या जवळची चव मी तू गेल्यापासूनच्या बावीस वर्षांत खाल्ली नव्हती. मी सगळा खाल्ला, आये. नवरा खालच्या स्टेशनात आणि मी बोटं चाटून जेवले.

सव्वा तासाची गाडी पावणेदोन तासांनी आली. ह्यांना शेवटच्या डब्यात, गाडीच्या गार्डजवळ बसवलं होतं. गार्डने हात देऊन उतरवलं आणि मला काहीतरी सांगितलं, मला समजलं नाही, पण तो हसत होता. ह्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, दिल्या नाहीत. गार्डनेच आम्हाला पुढच्या डब्यात जागा करून दिली. ती साधी गाडी होती, शाळेची मुलं, भाजीच्या टोपल्या, बाळाला पाजणारी एक बाई. आणि हे बोलायला लागले.

"ड्रायव्हर चांगला आहे," म्हणाले. "चढणीला घाई करत नाही. एका बाजूला खाली बघितलंस तर नुसती झाडांची टोकं. माणूस मुंगीएवढा. एका वळणावर आपलंच इंजिन आपल्याला समोर दिसतं. मी गार्डला म्हटलं, इथे हॉर्न दे. त्याने हात बाहेर काढून दाखवलं, कडा एवढा जवळ, एवढा. पाणी गळत होतं कड्यातून. मी हात लावला."

मी विचारलं, थंड होतं का.

"थंड," म्हणाले, आणि उजव्या हाताची बोटं माझ्या हाताला लावली, जणू अजून गार असतील. मग विचारलं, "तू कुठे होतीस?"

मी म्हटलं, मागच्या गाडीत. खरं तर पुढच्या. त्यांना ते पटलं.

कँडीला बस आमच्यासाठी थांबली होती. लोकांची तोंडं वाकडी झाली होती, आमच्यामुळे त्यांचं देवळात जाणं घाईत उरकलं होतं. मी सगळ्यांची माफी मागितली आणि माझा डोळा लागला, असं तिथे पहिल्यांदा म्हणाले. साडेपाचला आम्ही बोटीवर होतो. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी विचारलं, कालची गाडी कशी वाटली. "कुठली गाडी?" म्हणाले. मग मीच त्यांना सांगितलं. झाडांची टोकं, मुंगीएवढा माणूस, समोर दिसणारं इंजिन, कड्यातलं गार पाणी. त्यांनी दुसऱ्याच कोणाची गोष्ट ऐकावी तशी नीट ऐकली आणि म्हणाले, एकदा जायला पाहिजे. घाट मी पाहिला नाही, त्यांनी पाहिला, आणि तो आता माझ्याकडे आहे. त्यांच्याकडे नाही.

लेक आम्हाला न्यायला बंदरावर आली होती. घरी आल्यावर मी तिला सांगितलं, डोळा लागल्याचंच. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. रडली, म्हणाली, "आई, तू थकली आहेस, हे मला कळायला हवं होतं." दुसऱ्या आठवड्यात ती खांदेश्वरहून सुट्टी काढून आली आणि वाशीला अशा माणसांना दिवसभर सांभाळतात तिथे नाव घातलं. आठवड्यातून तीन दिवस. मी आधी नको म्हणत होते, मग कबूल झाले. पहिल्या दिवशी ह्यांना सोडून मी घरी आले आणि भर दुपारी अंथरुणावर आडवी झाले, किती वर्षांनी. उरलेल्या दिवशी आम्ही बसने फिरतो. शेवटच्या स्टॉपपर्यंत आणि परत. हे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मी पलीकडच्या खिडकीत. हात धरत नाही. स्टॉपवर थांबून ह्यांना विचारते, कुठली बस, आणि हे बोट दाखवतात तिच्यात चढतो. एकदा उलट्याच दिशेची दाखवली. गेलो.

लेक अजून कधी तरी विषय काढते. म्हणते, तेव्हा माझं ऐकलं असतंस तर. पुन्हा तो कागद समोर आला आणि ह्यांनी बोट ठेवलं तर मी पुन्हा दोन नावं लिहीन, हे तिला सांगायचा धीर होतो. खिडकीतली ती दोन मिनिटं सांगायचा होत नाही.

हे सगळं तुलाच का लिहिलं, तेही सांगते. तुझे सगळे कागद मीच तुला वाचून दाखवायची, तुला अक्षर लागत नव्हतं. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असतं, तरी मी शेजारी बसून वाचल्याशिवाय तुला कळलं नसतं. आणि मोठ्याने वाचायची माझी अजून तयारी नाही.